छोट्या ओएस प्रोजेक्टला पैसे द्यायचेत? मग ते पोचतील असे द्या

फुकटची ओएस (ऑपरेटिंग सिस्टम, म्हणजे कॉम्प्युटर चालवणारं मूळ सॉफ्टवेअर) वापरणारे आपल्यात कमी नाहीत, आणि "यांना कधीतरी चार पैसे द्यायला पाहिजेत यार" असं मनात येणारेही कमी नाहीत, पण डोनेटचं पान उघडून शेवटपर्यंत जाणारे अगदी हाताच्या बोटावर मोजण्याइतके. कंजूषपणा हे कारण बहुतेक वेळा नसतंच. पान उघडलं की तीन-चार बटणं दिसतात, कुठलं दाबायचं कळत नाही, एखादं दाबलं तर कार्ड डिक्लाईन होतं, तेवढ्यात "माझ्या पाचशे रुपयांनी असं काय होणारे" हा विचार येतो आणि टॅब बंद. हे सगळं टप्प्याटप्प्याने कसं निभावायचं ते इथे लिहितोय. बराचसा भाग भारतातून पैसे पाठवणाऱ्यांसाठी आहे कारण अडचणी इथेच जास्त. अमेरिकेतल्या मंडळींसाठी शेवटाकडे वेगळं लिहिलंय, त्यांना काही फायदे मिळतात जे बरेच जण घेतच नाहीत.

उदाहरणाला मुख्यतः हायकू घेतोय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: नव्वदच्या दशकात बीओएस नावाची एक ओएस होती, तिची कंपनी 2001 मध्ये पाम या खिशातल्या छोट्या कॉम्प्युटरवाल्या कंपनीकडे गेली, ओएस बंद पडली, आणि चाहत्यांनी त्याच वर्षी ती पहिल्यापासून लिहायला घेतली. तेच आजचं हायकू. पहिला बीटा (चाचणीची आवृत्ती) यायला सप्टेंबर 2018 उजाडलं, पाचवा बीटा आला सप्टेंबर 2024 मध्ये. लिनक्स किंवा बीएसडी या फुकट ओएसच्या मोठ्या घराण्यांतलं नाही, मागे कुठलीही कंपनी नाही, आणि तरी जुन्या लॅपटॉपवर असं सुटतं की बघत राहावं. अशा प्रोजेक्टला पैसे देण्यात मजा आहे, कारण तिथे थोडक्या पैशाचाही फरक पडतो.

पायरी 1: आधी कोणाला खरंच गरज आहे ते बघा

उबंटूमागे कॅनॉनिकल आहे, फेडोरामागे रेड हॅट, ओपनसुसेमागे सुसे. यांना तुमच्या पैशाची वाट बघावी लागत नाही. फ्रीबीएसडी मधल्या गटात येतं: त्यांच्या फाउंडेशनला 2014 मध्ये व्हॉट्सअ‍ॅपच्या जान कूमने 10 लाख डॉलर दिले, 2024 मध्ये जर्मनीच्या सॉव्हरिन टेक फंडाने 6,86,400 युरो मंजूर केले. द्यायचे तर तिथेही द्या, पण त्याच दहा डॉलरचं वजन हायकू, स्लॅकवेअर, व्हॉइड, अल्पाइन, नेटबीएसडी, ओपनबीएसडी, पोस्टमार्केटओएस, रेडॉक्स अशांकडे जास्त.

आता छोटा म्हणजे वापरणारे कमी असा अर्थ काढू नका, इथेच लोकांची गफलत होते. ओपनबीएसडी डेस्कटॉपवर वापरणारे तुम्हाला आख्ख्या गावात दोन सापडणार नाहीत, पण ओपनएसएसएच, म्हणजे दुसऱ्या मशीनवर लांबून सुरक्षित लॉगिन करायचं सॉफ्टवेअर, त्यांनीच लिहिलेलं आहे, 1999 पासून, आणि तुम्ही कुठल्याही लिनक्स सर्व्हरवर लॉगिन करता किंवा मॅकच्या टर्मिनलमधून कुठे आत शिरता तेव्हा तेच वापरता, विंडोजनेसुद्धा तेच घेतलंय. आणि अशा प्रोजेक्टवर जानेवारी 2014 मध्ये काय वेळ आली होती? विजेचं बिल भरायला पैसे नाहीत. साधारण 20 हजार डॉलर कमी पडत होते, कॅनडात कॅलगरीला त्यांच्या बिल्डच्या मशीनी चालतात त्यांची वीज. जगातल्या सगळ्या मोठ्या टेक कंपन्या ज्याचं सॉफ्टवेअर वापरतात तो प्रोजेक्ट जाहीरपणे सांगतोय की असंच राहिलं तर बंद करावं लागेल. ते निभावलं, लोकांनी पैसे दिले, पुढे मायक्रोसॉफ्टसारखी कंपनीही देणगीदार झाली, पण तोपर्यंत कोणालाच पत्ता नव्हता.

अल्पाइनचंही तसंच. डॉकर (प्रोग्रॅम वेगळ्या डब्यात, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवायचं साधन) वापरणाऱ्या प्रत्येकाने कधी ना कधी अल्पाइनची इमेज, म्हणजे त्या डब्याचा तयार साचा, ओढलेली असते, नाव डोळ्यासमोरून जातं आणि विसरलं जातं. त्यांचे महत्त्वाचे सर्व्हर एका कंपनीने फुकट दिलेले होते, त्या कंपनीने ती सेवाच गुंडाळायचं ठरवलं आणि जानेवारी 2025 मध्ये अल्पाइनवाल्यांना नवीन सर्व्हर, बँडविड्थ, होस्टिंग द्या हो कोणीतरी म्हणून आवाहन करावं लागलं.

तर पहिलं काम: आपण रोज काय वापरतो त्याची यादी काढा, ओएसपुरती. फोनवर, राउटरवर, जुन्या लॅपटॉपवर, ऑफिसच्या कंटेनरमध्ये. त्यातून एक निवडा. एकच. सुरुवातीला पाच प्रोजेक्टना शंभर-शंभर रुपये वाटायचा मोह होतो, तो का टाळायचा ते पायरी 4 मध्ये आकड्यांनिशी दाखवतो.

पायरी 2: पैसा नक्की कोणाच्या खात्यात उतरतो?

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची आणि सगळे हीच गाळतात, म्हणून जरा रेंगाळतो.

स्लॅकवेअरची गोष्ट ऐका. 1993 पासून चालू असलेली, आज जिवंत असलेल्यांतली सगळ्यात जुनी लिनक्स डिस्ट्रो (लिनक्सची वापरायला तयार केलेली आवृत्ती), पॅट्रिक व्होल्कर्डिंग हा एक माणूस ती सांभाळतो. तिचे निष्ठावान लोक वर्षानुवर्षं तिच्या ऑनलाइन दुकानातून सीडी-डीव्हीडी, टी-शर्ट घ्यायचे, कित्येकांनी सबस्क्रिप्शन लावलेलं, नवीन आवृत्ती आली की डिस्क घरी येणार आणि पैसे आपोआप कटणार. डिस्क कोणाला हवी होती म्हणा, सगळं डाउनलोड करता येतंच, पण त्याला पैसे मिळावेत म्हणून घ्यायचे. 2018 मध्ये त्याने स्वतः लिहिलं की या दुकानातून त्याच्यापर्यंत जवळजवळ काहीच पोचत नाहीये, घरखर्च चालवायचे वांधे झालेत. लोक हादरले. आम्ही इतकी वर्षं देतोय ते गेले कुठे? मग त्याने थेट पेपाल दिलं, पुढच्या वर्षी पेट्रिऑन (चाहत्यांनी दरमहा पैसे द्यायची साईट) सुरू केलं, आणि फेब्रुवारी 2022 मध्ये 15.0 आली.

म्हणजे देणारे होते, पैसेही होते, फक्त मधला पाइप दुसरीकडे उघडत होता. म्हणून बटण दाबायच्या आधी पाच मिनिटं काढून हे शोधा की पैसे घेणारा कोण आहे. साधारण चार प्रकार सापडतात.

एक, प्रोजेक्टची स्वतःची संस्था. हायकूचं असं आहे: हायकू इंक ही 2003 मध्ये स्थापन झालेली, अमेरिकेत 501 सी 3 (देणगीवर करसवलत मिळणारा प्रकार) म्हणून नोंदलेली ना-नफा संस्था. ती ओएस कशी लिहायची ते ठरवत नाही, ते डेव्हलपर ठरवतात, संस्था फक्त पैसे, ट्रेडमार्क, डोमेन, सर्व्हरचा खर्च बघते. ही विभागणी मला फार आवडते. ओपनबीएसडी फाउंडेशन (कॅनडा), नेटबीएसडी फाउंडेशन (अमेरिका) हेही याच प्रकारातले.

दोन, छत्री संस्था. छोट्या प्रोजेक्टला स्वतःची संस्था काढणं, दरवर्षी रिटर्न भरणं झेपत नाही, मग ते दुसऱ्या मोठ्या संस्थेच्या छताखाली जातात. 'सॉफ्टवेअर इन द पब्लिक इंटरेस्ट' ही 1997 पासूनची संस्था, डेबियनसाठी निघाली, आर्चचे पैसेही तीच सांभाळते, जेंटूही 2024 मध्ये तिच्याकडे आलं. ती देणगीतले 5 टक्के ठेवून घेते. सॉफ्टवेअर फ्रीडम कॉन्झर्व्हन्सी 10 टक्के घेते, राउटरवर चालणारी ओपनडब्ल्यूआरटी तिच्याकडे आहे. इथे देताना एक काळजी घ्यायची: फॉर्ममध्ये प्रोजेक्टचं नाव निवडायची जागा असते, ती तशीच सोडली तर पैसे संस्थेच्या सर्वसाधारण खात्यात जातात आणि तुमच्या लाडक्या डिस्ट्रोला काहीच नाही.

तीन, ओपन कलेक्टिव्ह ही देणग्या सांभाळणारी साईट. इथे प्रत्येक जमा आणि प्रत्येक खर्च उघड दिसतो, कोणी किती दिले, कोणी कशाचं बिल लावलं, मंजूर कोणी केलं, सगळं. ओपन सोर्स प्रोजेक्टांसाठीची तिथली मुख्य यजमान संस्था 10 टक्के कापते. दहा टक्के जास्त वाटतात खरे, पण त्यात हिशोब, बिलं, पावत्या सगळं येतं आणि प्रोजेक्टवाल्यांचा तो वेळ कोड लिहायला मोकळा राहतो.

चार, एका माणसाचं वैयक्तिक खातं. पेट्रिऑन, गिटहब स्पॉन्सर्स (कोड ठेवायच्या गिटहब साईटवरची पैसे द्यायची सोय), लिबेरापे इथे अशी बरीच खाती असतात. हे वाईट असं अजिबात नाही. सेरेनिटीओएस लिहिणाऱ्या अँड्रियास क्लिंगने 2021 मध्ये नोकरी सोडली ती अशा छोट्या-छोट्या मासिक पैशांच्या जोरावरच. फक्त इथे तुम्ही माणसाला देताय, प्रोजेक्टला नाही, हे लक्षात ठेवायचं. अ‍ॅपलच्या चिपवर लिनक्स आणणाऱ्या असाही लिनक्सचा प्रमुख फेब्रुवारी 2025 मध्ये बाजूला झाला तेव्हा आधीचे पैसे त्याच्या वैयक्तिक पेट्रिऑनवर येत होते, टीमने ओपन कलेक्टिव्हवर नवीन खातं काढलं, आणि देणाऱ्यांना आपण होऊन तिकडे जावं लागलं. व्हॉइड लिनक्सचं 2018 मध्ये याहून बिकट झालं, मूळ प्रमुख गायबच झाला, डोमेन आणि गिटहबच्या किल्ल्या त्याच्याकडे, बाकीच्यांना नवीन जागी संसार मांडावा लागला.

मग ओळखायचं कसं? प्रोजेक्टच्या मुख्य साईटवरून डोनेटच्या लिंकवर जा, गुगलवर शोधून नको. पेमेंटच्या पानावर घेणाऱ्याचं नाव येतं ते वाचा. हायकूच्या बाबतीत तिथे हायकू इंक दिसलं पाहिजे. कुठल्यातरी फॅनने काढलेल्या टी-शर्टच्या दुकानात "विक्रीतला काही भाग प्रोजेक्टला" असं लिहिलेलं असतं, त्या 'काही' पाशी थांबा आणि प्रोजेक्टच्या अधिकृत साईटवर त्या दुकानाचं नाव आहे का बघा. नसेल तर टी-शर्ट आवडला म्हणून घ्या, मदत म्हणून नको. याउलट चांगलं उदाहरण म्हणजे ओपनडब्ल्यूआरटी वन हा राउटर, 2024 च्या शेवटी आला, त्यात प्रत्येक नगामागे 10 डॉलर प्रोजेक्टच्या खात्यात जाणार हे स्पष्ट आकड्यात सांगितलेलं होतं. हे कसं, आकडा आहे, विषय संपला.

पायरी 3: हिशोब वाचा, पण भिंग घेऊन बसू नका

हायकू इंक दरवर्षी आर्थिक अहवाल टाकते, किती आले, कशावर गेले. 2021 पासून सगळ्यात मोठा खर्च एकाच गोष्टीवर आहे: एका डेव्हलपरला कॉन्ट्रॅक्टवर घेतलंय, तो पगारी काम करतो. त्याचा परिणाम बघायचा असेल तर हायकूच्या साईटवर दर महिन्याचे प्रगती अहवाल येतात, कुठला ड्रायव्हर सुधारला, मेमरीचं काय झालं, कुठला बग निघाला, बारीकसारीक. पैसे देण्याआधी त्यातले दोन-तीन वाचून काढा. टेक्निकल कळलं नाही तरी काम चालू आहे की नुसतीच साईट चालू आहे हे कळतंच.

लिनक्स मिंट तर दर महिन्याच्या बातमीत देणगीदारांची यादीच देतं. अमेरिकेतल्या संस्थेचा फॉर्म 990, म्हणजे वार्षिक रिटर्न, प्रोपब्लिका या वृत्तसंस्थेच्या साईटवर शोधता येतो, पण वर्षाला साधारण 50 हजार डॉलरच्या आत असलेल्या संस्था नुसतं एक ई-पोस्टकार्ड भरतात, तिथे आकडे दिसले नाहीत म्हणून लगेच घोटाळा समजू नका.

आणि एक, जाहीर मोहिमांबद्दल. "इतके लाख जमले तर अमुक करू" अशा मोहिमा ओएसच्या बाबतीत फारशा फळत नाहीत. रिअ‍ॅक्टओएसने 2014 मध्ये 50 हजार डॉलरची मोहीम काढली होती, जमले साधारण निम्मे. ओएस हे न संपणारं काम आहे, त्याला एकदाच येणाऱ्या लोंढ्यापेक्षा थोडा पण बारमाही झरा लागतो. स्टार्टअपसारखं लक्ष्य, बक्षीस, स्टिकर असलं बघून भुलू नका.

पायरी 4: किती आणि कितीदा

सगळीकडे सल्ला मिळतो की महिन्याला एक डॉलर द्या, एका चहाइतकं. ऐकायला छान आहे. आता गणित बघा. कार्डाचं पेमेंट घेणाऱ्या कंपन्या अमेरिकेत साधारण 2.9 टक्के अधिक 30 सेंट कापतात, परदेशी कार्डाला त्याहून थोडं जास्तच. एक डॉलर दिला तर पोचले 67 सेंट. एक तृतीयांश वाटेतच गेला! वर्षभर दर महिन्याला एक डॉलर दिला तर 12 पैकी 8 डॉलर पोचतात. तेच 12 डॉलर एकदम दिले तर 11 डॉलर 35 सेंट. पाच प्रोजेक्टना शंभर-शंभर रुपये वाटले की दर ठिकाणी तो 30 सेंटचा ठोक खर्च लागतो, म्हणून म्हटलं होतं एकच निवडा.

प्रोजेक्टच्या बाजूने बघितलं तर महिन्याचे पैसे त्यांना जास्त आवडतात हेही खरं, कारण कोणाला पगारावर ठेवायचं तर पुढच्या सहा महिन्यांत किती येणार याचा अंदाज लागतो. पण भारतातून मासिक पेमेंट कसं तुटतं ते पुढे सांगतो, ते बघता माझं मत असं की वर्षातून एकदा, ठरलेल्या महिन्यात, एकरकमी द्या आणि फोनवर रिमाइंडर लावा. दिवाळीचा महिना धरा, बोनस आलेला असतो. दरवर्षी न चुकता येणारे 20 डॉलर हे पण एक प्रकारे नियमितच की. लिबेरापे वापरणार असाल तर तिथे हे सोपं आहे, रक्कम आठवड्याच्या हिशोबात ठरवायची आणि पैसे मात्र वर्षाचे एकदम भरायचे, वर ती स्वतः ना-नफा असल्यामुळे स्वतःचं कमिशन घेत नाही, फक्त पेमेंटवाल्यांची फी जाते.

पायरी 5: कार्ड तयार करा

इथे निम्मे लोक गळतात. यूपीआय विसरा, या प्रोजेक्टांकडे यूपीआय नसतं. रुपे कार्ड बहुतेक ठिकाणी गंडतं, व्हिसा किंवा मास्टरकार्ड घ्या, क्रेडिट असेल तर उत्तम.

ऑक्टोबर 2020 पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे नवीन कार्डावर आंतरराष्ट्रीय ऑनलाइन व्यवहार बंद करूनच येतात, आपण चालू करायचे असतात. बँकेच्या अ‍ॅपमध्ये कार्डाच्या सेटिंगमध्ये जा, देशांतर्गत आणि आंतरराष्ट्रीय असे दोन वेगळे भाग दिसतील, आंतरराष्ट्रीयमध्ये फक्त ऑनलाइन हे बटण चालू करा, एटीएम आणि दुकानातलं स्वाइप बंदच राहू द्या. लिमिट दोन-तीन हजारांवर आणून ठेवा. हे गरजेचं आहे, कारण परदेशी साईटवर कित्येकदा ओटीपी न विचारताच पैसे जातात, नुसता नंबर आणि मागचे तीन आकडे पुरतात, पहिल्यांदा बघितलं की पोटात गोळा येतो. पेमेंट झालं की बटण परत बंद.

आता खर्च. डॉलर 90 रुपये धरला तर 10 डॉलरचे 900. त्यावर बँक फॉरेक्स मार्कअप (चलन बदलायचं जादा शुल्क) लावते, बऱ्याच कार्डांवर साडेतीन टक्के, म्हणजे साडेएकतीस रुपये, आणि त्या मार्कअपवर 18 टक्के जीएसटी, म्हणजे पावणेसहा रुपये. एकूण 937 च्या आसपास. स्टेटमेंटमध्ये कधीकधी या तीन वेगवेगळ्या ओळी येतात, दोन दिवसांनी एक 5.67 ची ओळ दिसली की फसवणूक झाली म्हणून बँकेला फोन करू नका, तो जीएसटी आहे.

पायरी 6: प्रत्यक्ष पैसे पाठवा

गिटहब स्पॉन्सर्स असेल तर मी आधी तेच बघतो. हायकूसाठी तिथे पान आहे. प्रोजेक्टच्या गिटहब पानावर हार्टचं चिन्ह असलेलं स्पॉन्सर बटण दाबलं की रकमांची यादी येते आणि वर दोन पर्याय, मासिक आणि एकदाच. डिफॉल्ट मासिक निवडलेलं असतं, तिथे एकदाच वर टिचकी मारा. खाली नाव जाहीर दिसावं की नाही ते विचारतात, ते तुमच्यावर आहे, मी जाहीर ठेवतो, दहा जणांची नावं दिसली की अकराव्याला धीर येतो.

मासिक का नको? ऑक्टोबर 2021 पासून आपोआप कटणाऱ्या पेमेंटसाठी रिझर्व्ह बँकेचा ई-मँडेटचा नियम लागू झाला, बँकेकडे नोंद पाहिजे, आधी सूचना पाहिजे, 15 हजारांच्या वर असेल तर दर वेळी ओटीपी पाहिजे. परदेशी साईटवाले या व्यवस्थेत आलेले नसतात, त्यामुळे पहिला महिना पैसे जातात आणि दुसऱ्या महिन्यात पेमेंट फेल, मग ईमेलवर ईमेल. गिटहबने याच कारणाने भारतातल्या लोकांसाठी आगाऊ पैसे भरून ठेवायची वेगळी सोय केली.

पेपालचं थोडं लहरी काम आहे. हायकू आणि बहुतेक सगळे पेपाल घेतात, भारतीय कार्ड टाकून काम होतंही, पण देणगीचं बटण कधीकधी भारतीय खात्याला नकार देतं आणि कारणही धड सांगत नाही. दोनदा प्रयत्न करून झालं नाही तर नाद सोडा आणि दुसऱ्या मार्गाने जा, सारखं सारखं दाबत बसलात तर बँक संशयाने कार्डच ब्लॉक करेल.

बँकेतून थेट वायर ट्रान्सफर फक्त मोठ्या रकमेसाठी, म्हणजे पाच-पन्नास हजार रुपये वगैरे द्यायचे असतील तर. लिबरलाइज्ड रेमिटन्स स्कीममध्ये माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरची मुभा आहे आणि देणगी त्यात बसते, फॉर्म ए-2 भरायचा, पॅन द्यायचा, देणगीचा पर्पज कोड निवडायचा. पण बँकेचं शुल्क, मधल्या बँकेचं शुल्क मिळून छोट्या रकमेचा चुराडा होतो, हजार रुपयांसाठी तिकडे फिरकूसुद्धा नका. बिटकॉइन वगैरेंनी देता येतं काही ठिकाणी, भारतात त्यातल्या नफ्यावर 30 टक्के कर आणि 1 टक्का टीडीएसची भानगड आहे, देणगीसाठी ती कटकट कोण गळ्यात घेणार.

पैसे गेले की पावतीचा ईमेल येतो, तो एका फोल्डरमध्ये टाका.

टॅक्समध्ये काही सुटतं का?

भारतात नाही. 80जी म्हणून ओळखली जाणारी सूट फक्त इथे नोंदलेल्या संस्थांना दिलेल्या देणगीवर, आणि नवीन कर पद्धतीत तर तीही नाही. ओपनबीएसडी फाउंडेशन कॅनडातही चॅरिटी म्हणून नोंदलेलं नाही, त्यांच्याकडून कर सवलतीची पावती कोणालाच मिळत नाही, ते स्वतःच तसं सांगतात. तेव्हा सूट मिळेल या आशेने देऊ नका.

अमेरिकेत कर भरणाऱ्यांचं मात्र वेगळं. न्यू जर्सी, बे एरिया, टेक्सास, जिथे कुठे असाल, हायकू इंक, नेटबीएसडी फाउंडेशन, सॉफ्टवेअर इन द पब्लिक इंटरेस्ट या सगळ्या 501 सी 3 संस्था आहेत, नियमांत बसत असेल तर वजावट मिळते, 250 डॉलर किंवा जास्त दिले तर संस्थेकडून लेखी पोच हवी. पण याहून मोठी गोष्ट म्हणजे कंपनीचं मॅचिंग. बऱ्याच टेक कंपन्या कर्मचाऱ्याने दिले तेवढेच स्वतः घालतात. कंपनीच्या पोर्टलवर, बेनेव्हिटी किंवा तसलं जे काही असेल त्यात, संस्थेचं नाव शोधा, आणि इथे प्रोजेक्टचं नाव नाही तर संस्थेचं कायदेशीर नाव लागतं: आर्च शोधलंत तर मिळणार नाही, सॉफ्टवेअर इन द पब्लिक इंटरेस्ट शोधलंत तर मिळेल, मग शेऱ्यात आर्चसाठी असं लिहायचं. मॅचिंगची मुदत बहुतेक ठिकाणी डिसेंबरअखेर किंवा त्याच्या पुढेमागे असते, ते एचआरच्या पानावर बघून घ्या. पन्नासचे शंभर होतात आणि पगारातून थेट जात असेल तर कार्डाची फीही वाचते.

कंपनीकडून मिळवायचे असतील तर

तुम्ही पुण्या-मुंबईत एखाद्या सॉफ्टवेअर कंपनीत असाल आणि तुमचे सगळे कंटेनर अल्पाइनवर चालत असतील तर तुमच्या खिशापेक्षा कंपनीचा खिसा बघा. पहिला विचार सीएसआरचा (कंपन्यांनी समाजकार्यावर करायच्या खर्चाचा) येतो, तो सोडा, सीएसआरचा पैसा भारताबाहेरच्या कामावर खर्च म्हणून धरत नाहीत. मार्केटिंग किंवा इंजिनिअरिंगच्या बजेटमधून स्पॉन्सरशिप म्हणून मागा, साईटवर लोगो लागतो, ओपन कलेक्टिव्ह रीतसर पावती देतं. फायनान्सवाले परदेशी पेमेंटचे कराचे फॉर्म आणि टीडीएस विचारणारच, तेव्हा सीएला आधीच गाठा. मॅनेजरला मेल लिहिताना "ओपन सोर्सला मदत करूया" असं भावुक न लिहिता, आपले इतके कंटेनर यावर चालतात, हे बंद पडलं तर दुसऱ्या बेसवर जायला इतके दिवस लागतील, असं लिहा. दिवसांचा आकडा बघितला की मेल पुढे जातो.

खिशात आत्ता काहीच नसेल तर एक काम फुकटात होतं. बेंगळुरूच्या झेरोधाने ऑक्टोबर 2024 मध्ये फ्लॉस/फंड जाहीर केला, जगभरातल्या ओपन सोर्स प्रोजेक्टांसाठी वर्षाला 10 लाख डॉलरपर्यंत, एका प्रोजेक्टला 10 हजार ते 1 लाख डॉलर. त्यासाठी प्रोजेक्टने आपल्या साईटवर किंवा रेपोत (कोड ठेवलेल्या जागी) फंडिंग डॉट जेसन नावाची एक छोटी फाईल ठेवायची असते, आम्ही कोण, किती पैसे लागतात, कशासाठी, असं. तुमच्या आवडत्या प्रोजेक्टकडे ती नसेल तर त्यांना सुचवा, जमलं तर कच्ची फाईल लिहूनच द्या. जुनं हार्डवेअर द्यायचं असेल तर ओपनबीएसडी काय हवंय त्याची यादी साईटवर ठेवतं, पण भारतातून कॅनडाला लॅपटॉप पाठवायचा खर्च आणि कस्टम्स बघता त्यापेक्षा पैसे पाठवलेले परवडतात.

थांबवायचं कसं

मासिक लावलंच असेल आणि थांबवायचं असेल तर फक्त कार्ड बंद करून मोकळे होऊ नका, साईटवर जाऊन रीतसर कॅन्सल करा. तुम्ही नुसतंच कार्ड बंद केलंत तर प्रोजेक्टच्या बाजूला फेल झालेली पेमेंट दिसत राहतात, बजेटमध्ये तुमचे पैसे धरलेले राहतात. आणि चुकून जास्त गेले किंवा दोनदा गेले तर आधी प्रोजेक्टला मेल करा, बँकेकडे डिस्प्युट टाकू नका, कारण डिस्प्युट आला की पेमेंट कंपनी पैसे तर परत घेतेच, वर प्रोजेक्टकडून दंडासारखं वेगळं शुल्क वसूल करते, अमेरिकेत ते 15 डॉलरच्या आसपास असतं, म्हणजे तुमच्या दहाच्या देणगीपायी त्यांनाच पंधराचा भुर्दंड. मेलमध्ये पावतीचा नंबर, तारीख आणि रक्कम टाका, स्वयंसेवक असतात, उत्तर यायला आठवडा लागू शकतो.